सुट्टी, सहा पुस्तकं आणि एक कुत्रा

अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या दुकानांपेक्षा सार्वजनिक वाचनालयं जास्त आहेत. शाखा धरून सुमारे १७ हजार! जून महिना आला, शाळांना कुलपं लागली, की या वाचनालयांत पोरांची झुंबड उडते. आई, बाबा, बाबागाडीतलं धाकटं, आणि भारतातून लेकीकडे किंवा लेकाकडे मुक्कामाला आलेले आजी-आजोबा, असा सगळा लवाजमा असतो. दाराजवळच्या टेबलावर नाव नोंदवायचं, वाचनाची नोंद करायला एक रंगीबेरंगी तक्ता घ्यायचा आणि ऑगस्टपर्यंत वाचत सुटायचं. वर्गणी नाही, अनामत नाही, परीक्षा नाही. ठरवलेलं वाचून झालं की बक्षीस! कधी एखादं पुस्तक कायमचं आपलं म्हणून घरी न्यायला मिळतं, कधी आइस्क्रीमचं कुपन, कधी नुसता बिल्ला.

‘समर रीडिंग प्रोग्रॅम’ या नावाने ही उन्हाळी वाचनाची मोहीम तिथल्या लहानमोठ्या बहुतेक वाचनालयांत चालते. मुलांना पुस्तकाशी आणून भिडवण्यासाठी ग्रंथपालांनी सव्वाशे वर्षांत ज्या युक्त्या लढवल्या, त्या वाचताना आपल्या गावच्या वाचनालयाचा बालविभाग सारखा डोळ्यांसमोर येत राहतो. यातलं कितीतरी आपल्याकडे उद्यापासून करता येईल!

आधी सुट्टीचीच गोष्ट

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी शेतीमुळे सुरू झाली, असं तिकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. पेरणी वसंतात, कापणी शरदात. शेतात पोरांचे हात लागायचे ते तेव्हा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या अनेक शाळा भरायच्या त्या थंडीत आणि भर उन्हाळ्यात. शहरांत तर जवळजवळ वर्षभर शाळा. न्यूयॉर्कमध्ये १८४२ साली शाळा २४८ दिवस भरली होती. पुढे शहरातला उकाडा, कोंदट वर्ग आणि उन्हाळा लागला की थंड हवेच्या गावी निघून जाणारी सुखवस्तू कुटुंबं, यांतून ही लांबलचक सुट्टी ठरत गेली. पैसेवाल्यांची मुलं समुद्रकिनारी गेली, बाकीची गल्लीतच राहिली. त्या गल्लीतल्या मुलांकडे वाचनालयांचं लक्ष गेलं.

‘लहान मुलांना सभासद करत नाही’

खरं तर तेव्हा बऱ्याच वाचनालयांत बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांना सभासदच करून घेत नसत. १८९०च्या दशकात वारं फिरलं. बोस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाने १८९५ मध्ये मुलांसाठी वेगळी खोली उघडली. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये ग्रंथपाल विल्यम ब्रेट आणि त्यांच्या सहकारी लिंडा ईस्टमन यांनी सुट्टीसाठी चांगल्या पुस्तकांच्या याद्या शाळाशाळांत वाटायला सुरुवात केली. उन्हाळी वाचनाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात.

मुलं आली, पुस्तकं भराभर बाहेर गेली, आणि तितकीच भराभर मळायला लागली. त्यावर क्लीव्हलंडकरांनी १८९७ मध्ये मुलांचं एक मंडळच काढलं. पुस्तक जपून हाताळायचं वचन द्यायचं आणि मंडळात यायचं. स्वच्छ मन, स्वच्छ हात आणि स्वच्छ पुस्तक, हे त्यांचं ब्रीद. लिंडा ईस्टमन पुढे १९१८ मध्ये त्या संपूर्ण वाचनालयाच्या प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या वाचनालयाची सूत्रं बाईच्या हाती येण्याची ही पहिली वेळ. क्लीव्हलंडचं मंडळ निघालं त्याच सुमाराला पिट्सबर्गच्या कार्नेगी वाचनालयाने पुस्तकं थेट मुलांच्या खेळाच्या मैदानांवर नेली. न्यूयॉर्कमध्ये ॲन कॅरल मूर या बाईंनी मुलांना एका मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायला लावलं. स्वतःचं नाव लिहिता आलं की पुस्तक घरी न्यायचा हक्क! पहिलीतल्या मुलासाठी याहून मोठा मान कुठला?

घोडागाडीतून आलेलं वाचनालय

मेरिलंड राज्यातल्या हेगर्सटाउन गावी मेरी टिटकॉम्ब नावाच्या ग्रंथपाल होत्या. आजूबाजूच्या खेड्यांत त्यांनी पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या होत्या, कधी दुकानात, कधी टपाल कचेरीत. पण पेटी जिथे ठेवली तिथपर्यंत न येणाऱ्यांचं काय? आडवाटेच्या शेतकऱ्याचं, त्याच्या बायकोचं, मुलाबाळांचं? वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावं, असं त्यांनी ठरवलं आणि १९०५ मध्ये एक घोडागाडी बांधून घेतली. बाहेरच्या बाजूने पुस्तकांचे कप्पे, आत पेट्या ठेवायला जागा. गाडी हाकायला वाचनालयाची झाडलोट पाहणारे जोशुआ थॉमस. परिसराची खडान्‌खडा माहिती असलेला हा माणूस गाडीवान झाला आणि पुस्तकं देणाराही झाला.

पहिल्या फेऱ्यांत एक गंमत झाली. गडद रंगाची ती बंद गाडी दिसली आणि लोकांना वाटलं, ही तर मयताची गाडी! इथे कुणी गेलेलं नाही, पुढे व्हा, असं सांगून एका घराने ती दारातून परत पाठवली. मग गाडीला लाल रंगाचा हात फिरवण्यात आला. १९१० मध्ये एका मालगाडीने धडक दिल्याने गाडीचा चुराडा झाला. टिटकॉम्बबाईंनी काम सोडलं नाही. १९१२ मध्ये रस्त्यावर आली ती मोटार. अमेरिकेतल्या फिरत्या वाचनालयांची वंशावळ इथून सुरू होते. उन्हाळ्यात आजही अशा गाड्या बागांत, पोहण्याच्या तलावांशेजारी, वस्त्यावस्त्यांत उभ्या राहतात.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. १९३१ मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडीहून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी गावोगाव फिरायला लागली होती. त्यामागची प्रेरणा होती ग्रंथालयशास्त्राचे आपले पितामह एस. आर. रंगनाथन यांची. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडणारं त्यांचं प्रसिद्ध पुस्तकही त्याच वर्षी आलं.

सहाच का?

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, हा प्रत्येक आईचा अनुभव. अमेरिकेत त्यावर पुष्कळ अभ्यास झाला. १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उन्हाळ्यात सरासरी महिनाभराचं शिकलेलं मागे पडतं, असं दिसलं. अलीकडे काही संशोधकांनी या मोजमापाच्या पद्धतीवर शंका घेतली आहे आणि तो वाद अजून चालू आहे. पण बार्बरा हाइन्स यांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा त्यांनी माग घेतला. सुट्टीत सहा किंवा अधिक पुस्तकं वाचणारी मुलं न वाचणाऱ्यांपेक्षा पुढे राहिली. मुलांच्या सुट्टीतल्या बौद्धिक वाढीला सगळ्यात जास्त हातभार लावणारी सार्वजनिक संस्था कुठली, तर वाचनालय. उन्हाळी शाळासुद्धा त्याच्या मागे! घरापासून वाचनालय किती जवळ आहे, यानेही फरक पडत होता. मुलं चालत जाऊ शकतील इतक्या अंतरावर वाचनालय हवं, हा हट्ट त्यामुळेच धरायला हवा.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालतं. वय ४ ते ११, आणि आव्हान सुट्टीत सहा पुस्तकं वाचायचं. सहा पुरी झाली की पदक आणि प्रमाणपत्र. दरवर्षी लाखो मुलं त्यात उतरतात. सहा हा आकडा मला फार आवडतो. पंधरवड्याला दोन पुस्तकं बदलली तरी दीड महिन्यात सहा होतात. वाचनाची नावड असलेल्या मुलालाही तो झेपतो, आणि झेपला की सातवं पुस्तक बहुतेक आपणहून हातात येतं.

या वर्षीचा विषय काय?

गणपतीच्या आधी मंडळात जशी देखाव्याच्या विषयावरून चर्चा रंगते, तशी तिकडच्या वाचनालयांत उन्हाळ्याच्या विषयावरून रंगते. अमेरिकेत १९८७ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या काही ग्रंथालयांनी एकत्र येऊन ठरवलं की प्रत्येकाने वेगळी चित्रं, वेगळे तक्ते, वेगळे बिल्ले करत बसण्यापेक्षा एकच विषय घेऊ, खर्च वाटून घेऊ. आता देशभरातली ग्रंथालयं त्या गटात आहेत. २०१९ साली विषय होता अवकाश, कारण माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं होत होती. २०२२ मध्ये समुद्र. २०१८ मध्ये संगीत. २०१३ मध्ये जमिनीखालचं जग, म्हणजे किडे, जीवाश्म, गुहा, पुरलेले खजिने.

विषय ठरला की वाचनालयाचा कायापालट होतो. पुठ्ठ्याची रॉकेटं छताला टांगली जातात, सर्पमित्र साप घेऊन येतात, अग्निशमन दलाचा बंब आवारात उभा राहतो आणि पोरं त्यात बसून स्टिअरिंग फिरवतात. मोठी मुलं स्वयंसेवक म्हणून धाकट्यांच्या नोंदी लिहून घेतात. ब्रिटननेही एकेक भन्नाट विषय काढले. २०१६ मध्ये बाललेखक रोआल्ड डाल यांची जन्मशताब्दी होती, तर त्यांच्या गोष्टी. २०१८ मध्ये ‘बीनो’ या कॉमिकला ऐंशी वर्षं झाली, तर सगळा उन्हाळा खोडकर पोरांचा!

आणि मुलांचा बारमाही आवडता विषय? डायनोसॉर. वाचनालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई दशांश पद्धतीत त्यांचा पत्ता ५६७.९. पाढे चुकणारी मुलंसुद्धा हा आकडा न चुकता सांगतात आणि थेट त्या कपाटापाशी जाऊन उभी राहतात.

श्रोता चार पायांचा

आता सगळ्यात लाडकी गोष्ट. वाचताना अडखळणारं मूल वर्गात मोठ्याने वाचायला घाबरतं. कुणी हसेल, कुणी चूक काढेल. मग त्याने वाचून दाखवायचं कुणाला? कुत्र्याला! १९९९ मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी इथे एका संस्थेने प्रशिक्षित कुत्रे मुलांच्या वाचनाला बसवायला सुरुवात केली आणि शहराच्या सार्वजनिक वाचनालयाने त्यांना दार उघडून दिलं. गालिच्यावर मूल बसतं, शेजारी कुत्रा पसरतो, त्याचा मालक जवळ असतो. मूल वाचतं, कुत्रा ऐकतो. तो चूक काढत नाही, घाई करत नाही, मोबाइल पाहत नाही. अडलेला शब्द दहा वेळा वाचला तरी त्याची हरकत नसते. आज ही पद्धत कितीतरी देशांत पोचली आहे. एके काळी लहान मुलांनाच दार बंद असलेल्या संस्थांनी कुत्र्यालाही आत घेतलं, आणि तेही मुलांसाठी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दुसरी गंमत खेळण्यांची. संध्याकाळी मुलं आपलं आवडतं अस्वल, ससा, हत्ती घेऊन वाचनालयात येतात, गोष्ट ऐकतात आणि खेळणं तिथेच मुक्कामाला ठेवून घरी जातात. रात्री कर्मचारी त्या खेळण्यांचे फोटो काढतात. ससा कपाटावर चढलाय, अस्वल नकाशांचं पुस्तक वाचतंय, हत्ती देवघेवीच्या टेबलावर शिक्के मारतोय. सकाळी मुलांना खेळणं परत मिळतं, सोबत फोटो आणि त्या खेळण्याने ‘निवडलेलं’ पुस्तक. जपानमध्ये संशोधकांनी याचाही अभ्यास केला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. या मुक्कामानंतर मुलं आपणहून चित्रांच्या पुस्तकांकडे वळली आणि आपल्या खेळण्याला ती वाचून दाखवायला लागली. ऐकणारा वाचणारा झाला! या कार्यक्रमाला खर्च किती? जवळजवळ शून्य.

वाचनालयातला सगळ्यात प्रसिद्ध मुक्काम मात्र न्यूयॉर्कला आहे. ए. ए. मिल्न यांच्या मुलाची, म्हणजे ख्रिस्तोफर रॉबिनची, खरीखुरी खेळणी १९८७ पासून न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयात आहेत. ज्यांच्यावरून विनी द पू आणि त्याच्या सोबत्यांच्या गोष्टी सुचल्या, तीच ही अस्वल-डुक्कर-गाढव मंडळी. काचेच्या कपाटात ठेवली आहेत. बघायला पैसे पडत नाहीत.

बागेत पेरलेली गोष्ट

व्हरमाँट राज्यात माँटपेलियर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ॲन फर्ग्युसन या आरोग्य क्षेत्रात काम करत होत्या. मुलांना चालायला न्या, असं पालकांना सांगायचं, तर पालक बाकावर बसून राहणार आणि मुलं एकटी हुंदडणार. दोघांनी एकत्र चालावं कसं? २००७ मध्ये त्यांनी एका चित्रगोष्टीच्या पुस्तकाची पानं सुटी केली, पाट्यांवर लावली आणि पायवाटेच्या कडेने अंतराअंतरावर रोवली. पुढचं पान वाचायचं तर पुढे चालायला हवं! मूल धावत सुटतं, मागून आई, तिच्या मागून आजोबा. गावच्या वाचनालयाने साथ दिली आणि ही ‘चालती गोष्ट’ जगभर गेली. आपल्या सोसायट्यांच्या बागा, गावातली तळ्याकाठची वाट, टेकडीचा रस्ता, शाळेचं मैदान, यांत काय कमी आहे? पुस्तकाच्या दोन प्रती, पाट्या आणि दोन उत्साही माणसं पुरेत.

तिकडच्या वाचनालयातून पुस्तकांशिवाय काय काय घरी नेता येतं, ही यादीही मोठी गोड आहे. केकची भांडी, शिवणयंत्र, सुतारकामाची हत्यारं, बियाणं, संग्रहालयाचे पास. न्यू हॅम्पशायरमधल्या हौशी खगोलप्रेमींनी २००८ मध्ये वाचनालयांना दुर्बिणी देऊन टाकल्या, म्हणजे कुणीही यावं, कार्ड दाखवावं आणि दुर्बीण आठवडाभर घरी न्यावी. पुढे दुसऱ्या राज्यांनीही हे उचललं. २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी तर सात हजारांहून जास्त ग्रंथालयांतून ग्रहण पाहायचे वीस लाखांहून जास्त चष्मे मोफत वाटले गेले. ऐन सुट्टीत, भर दुपारी, पुस्तकांच्या दारात सगळं गाव आकाशाकडे बघत उभं!

आणि जेवण. शाळा बंद म्हणजे शाळेतलं मोफत जेवणही बंद, आणि गरीब घरात त्याची झळ लगेच लागते. सरकारी उन्हाळी आहार योजनेतून अनेक वाचनालयं अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण देतात. जेवायला आलेलं मूल गोष्ट ऐकायला थांबतं. भुकेल्या मुलाला पुस्तक दाखवण्याआधी ताट मांडणाऱ्या ग्रंथपालांना माझा नमस्कार.

बक्षीस की दंड?

मुलांना वाचनालयापासून दूर ठेवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे उशिराचा दंड. घरात पुस्तक हरवलं, दंड वाढत गेला, की आई म्हणते, आता जाऊच नको तिकडे. लॉस एंजलिस परगण्याच्या ग्रंथालयाने २०१७ मध्ये यावर झकास तोड काढली. वाचनालयात बसा, वाचा, आणि दंड फेडा! तासाला पाच डॉलर. २१ वर्षांखालच्या कुणालाही ही सवलत होती. शिकागोने २०१९ मध्ये उशिराचा दंडच रद्द केला, तर वर्षानुवर्षं घरात दडलेली पुस्तकं परत यायला लागली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कनेही तेच केलं. दंडाची भीती गेली की पुस्तकं बुडतात, हा समज चुकीचा ठरला.

बक्षिसांचा मामला जरा नाजूक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात २०१३ मध्ये एका मुलाने सहा आठवड्यांत ६३ पुस्तकं वाचली आणि लागोपाठ पाचव्या वर्षी पहिला आला. आता याने बाजूला व्हावं, दुसऱ्यांनाही संधी मिळावी, असा सूर निघाला आणि देशभर वाद पेटला. माझं मत सरळ आहे. चूक त्या मुलाची नव्हतीच, वाचनाची शर्यत लावण्याची होती. आता बरीच वाचनालयं पहिला-दुसरा काढत नाहीत. प्रत्येकाने आपलं लक्ष्य ठरवायचं आणि ते गाठायचं. पुस्तकांच्या संख्येऐवजी मिनिटं मोजतात, म्हणजे जाड कादंबरी घेणाऱ्यावर अन्याय होत नाही आणि सावकाश वाचणाराही मागे पडत नाही. ऐकलेलं पुस्तक धरतात, कॉमिक धरतात, आजीने वाचून दाखवलेलंही धरतात.

कुठलं पुस्तक? त्याला हवं ते

१९३९ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी एक तरुण बालग्रंथपाल काम करत होत्या. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलांचा एक घोळका त्यांच्याकडे आला आणि त्यांनी विचारलं, आमच्यासारख्या मुलांवरची पुस्तकं कुठे आहेत? कपाटात तशी पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. त्या ग्रंथपाल म्हणजे बेव्हर्ली क्लिअरी. ‘हेन्री हगिन्स’ हे त्यांचं पहिलं पुस्तक १९५० मध्ये आलं आणि पुढे त्या अमेरिकेच्या सर्वांत लाडक्या बाललेखकांपैकी एक झाल्या.

फ्लॉरिडात रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रान्झन आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली. अट एकच, पुस्तकं मुलांनीच निवडायची. ही मुलं वाचनात इतरांच्या पुढे गेली. संस्कारांची यादी हातात देण्याआधी आपण मोठ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. फास्टर फेणे हवा तर फास्टर फेणे, विनोद हवा तर विनोद, क्रिकेटपटूचं चरित्र हवं तर तेच.

भाषेचंही तसंच. न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयात १९२१ मध्ये पुरा बेलप्रे ही पोर्तो रिकोची तरुणी नोकरीला लागली. आपल्या बेटावरच्या लोककथा तिथे एकाही पुस्तकात नाहीत, हे पाहून तिने त्या स्वतःच सांगायला सुरुवात केली, इंग्रजीतही आणि स्पॅनिशमध्येही, हातातल्या बाहुल्या नाचवत. आपली भाषा वाचनालयात चालते, हे कळल्यावर स्थलांतरितांची घरंच्या घरं तिथे यायला लागली. तिच्या नावाने आज अमेरिकेत बालसाहित्याचा मोठा पुरस्कार दिला जातो. परदेशातल्या मराठी आई-वडिलांनी आणि मुलांकडे मुक्कामाला जाणाऱ्या आजी-आजोबांनी पुरा बेलप्रे यांचं नाव लक्षात ठेवावं. जवळच्या वाचनालयात विचारा, की शनिवारी अर्धा तास मराठीतून गोष्ट सांगू का? चिमणी-कावळ्याचं मेणाचं आणि शेणाचं घर तिकडच्या बालविभागातही उभं राहू शकतं.

आपल्याकडे काय कमी?

परंपरेत तर काहीच कमी नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. अमेरिकेत करातून चालणारं पहिलं मोफत सार्वजनिक वाचनालय म्हणून न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोचं नाव घेतात, ते १८३३ चं. म्हणजे रत्नागिरी आणि पणजी त्याच्याही आधीची!

मोफत वाचनालयाची कल्पनाही आपल्या माणसाने कधीच अमलात आणली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याचा राजा झाला, अमेरिकेत जाऊन तिथली वाचनालयं पाहून आला आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच त्याने बडोद्याला आणलं. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात गावोगाव वाचनालयं उघडली, जिथे नव्हती तिथे पुस्तकांच्या पेट्या जायच्या, मुलांसाठी वेगळं दालन होतं, आणि खेड्यांत जादूचा कंदील आणि सिनेमा दाखवणारा विभागसुद्धा ग्रंथालय खात्यातच होता. शंभर वर्षांपूर्वी!

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. शासनमान्य वाचनालयं आज हजारोंच्या घरात आहेत. त्यातली बहुसंख्य संस्था चालवतात, अनुदान तुटपुंजं, कर्मचाऱ्यांचे पगार त्याहून तुटपुंजे. ग्रंथपाल म्हणतात, माणसं नाहीत, आणि ते खरं आहे. पण वर सांगितलेल्या युक्त्यांपैकी बहुतेकींना पैसा नगण्य लागतो, लागतात ती माणसं, आणि निवृत्त शिक्षक, सुट्टीवर आलेले कॉलेजचे विद्यार्थी, वाचणाऱ्या आज्या प्रत्येक गावात आहेत. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारने हेच दाखवून दिलं. ४ मे २०१७ रोजी, ऐन सुट्टीच्या हंगामात, स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाने आपल्या घरांच्या ओट्या-खोल्या पुस्तकांना दिल्या आणि ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती, त्यात एक दालन बालसाहित्याचं. कुणाच्याही घरात जा, बसा, वाचा. महाबळेश्वरला जाताना गाडी तिथे तासभर थांबवा. मुलं तासाभराने निघायला तयार नसतील, तर आणखी थांबा.

परीक्षा संपली की त्याच आठवड्यात घराजवळच्या वाचनालयाच्या बालविभागात मुलांना घेऊन जा. पुस्तक त्यांना निवडू द्या. बालविभागाला कुलूप दिसलं तर कार्यवाहांना भेटा, सुट्टीपुरता तो रोज दोन तास उघडा ठेवायला सांगा, आणि त्यातल्या एका दिवशी गोष्ट वाचून दाखवायला तुमचं नाव लिहून द्या.